फुटलेला लेप

रोज सकाळी त्रिसरण-पंचशील म्हणून मी घरातून निघते आणि कारखान्यात पोचल्यावर मागच्या टाकीत तुरटी फिरवते. उन्हाळ्यात आमच्या बियाण्याच्या कारखान्याला टँकरचं गढूळ पाणी येतं, सगळे कामगार तेच पितात. त्यांना नितळ पाणी मिळावं, एवढंच माझं व्रत.

त्या आठवड्यात सोमवारपासून लेप फुटायला लागला. कपाशीच्या बियांवर चढवायचा तो लाल लेप दुधासारखा फाटायचा आणि बियांवर चट्टे पडायचे. सुपरवायझर भागवतसाहेबांनी ठरवून टाकलं, चूक लेप कालवणाऱ्या कांताबाईची. शनिवारी तिला काढणार होते. ती बिचारी सांगत राहिली, हात तेच, माप तेच. प्रयोगशाळा माझ्याकडे. रंग तपासला, औषध तपासलं, सगळं बराबर. मग मीही तिच्यावरच वैतागले. मला मोठ्यानं बोलता येत नाही, पण सातव्यांदा ‘बाई, नीट ढवळा हो’ म्हटलं ते काही गोड नव्हतं.

शुक्रवारी तुरटी फिरवता फिरवता हात थांबला. गाळाचे कण एकमेकांना चिकटून खाली बसत होते. कॉलेजात शिकलेलं आता आठवलं. पाण्यातल्या बारीक कणांवर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, तरंगत राहतात. तुरटी तो भारच घालवते. लेपातले रंगाचे कणही असेच तरंगतात. आणि सोमवारी बोअर आटल्यापासून लेपाला पाणी याच टाकीतून जात होतं.

साहेबांना सांगितलं, चूक माझी आहे. ते हसले.

“मॅडम, तुम्ही मुंगीला वाट देणाऱ्या. कांताबाईला वाचवायला खोटं बोलून राह्यल्या, मला कळत न्हाई का?”

रोज पंचशीलात ‘खोटं बोलणार नाही’ म्हणणारीचं खरं कुणी मानेना. दुसऱ्यांदा सांगितलं तर चहा मागवला. तिसऱ्यांदा सांगितलं तर फोन घेतला. शेवटी त्यांच्या टेबलावर दोन ग्लास ठेवले, एकात टँकरचं नुसतं गाळलेलं पाणी, दुसऱ्यात टाकीतलं. दोन्हींत चमचाभर लेप टाकला. पहिल्यात रंग सारखा पसरून राहिला. दुसऱ्यात बघता बघता गाठी झाल्या.

साहेबांनी ग्लास उजेडात धरला. घरी आम्हीपण तुरटी टाकतो, कधी काही झालं नाही, म्हणाले. घरी कोण लेप कालवतं, हे मी गिळलं. कांताबाई राहील, एवढं त्यांनी कबूल केलं. पण तिला सांगायचं कामही माझ्याच गळ्यात घातलं.

तिनं लाल हात पुसत सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे ताई, तुमच्या पुण्याचं पाप चार दिवस मी फेडून राह्यले?”

उद्यापासून प्यायच्या पाण्याला वेगळा माठ ठेवू, तुरटी त्यातच फिरवीन, एवढं मी म्हटलं.

“मंग माठ मीच भरते,” ती म्हणाली. “तुमचा हात टाकीपाशी बिलकुल नको.”