घरातला ऐतखाऊ ठिपका

मी लघुकेंद्रक बोलतोय, म्हणजे पेशीतलं धाकटं केंद्रक. बघा, नावातच मला लहान करून ठेवलंय.

माझं घर म्हणजे पाण्यात पोहणारी एकच पेशी. आकार चपलेच्या तळव्यासारखा, अंगभर बारीक केस, ते हलवत ती दिवसभर भटकते. तिच्या पोटात आम्ही दोघं भाऊ राहतो. एक थोराड, वाटाण्याच्या शेंगेसारखा फुगलेला. त्याला मी दादा म्हणतो. त्याच्या कुशीला चिकटून बसलेला ठिपका, तो मी.

दादा घरचा कर्ता. हे बनव, ते मोड, आता वाढ, आता थांब, असे त्याचे हुकूम सतत चालू असतात. मी गप्प. माझ्याकडे फक्त घराण्याची अस्सल प्रत जपून ठेवलेली. दोन पेशी सोयरीक जुळवायला जवळ आल्या की माझी आठवण होते. माझा वाटा पलीकडे जातो, पलीकडचा इकडे येतो, जुना दादा विरघळतो आणि आमच्यातूनच नवा दादा घडतो. तो प्रसंग सोडला तर मला कोणी विचारत नाही. मी ऐतखाऊ आहे असं सगळे म्हणायचे आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटायचं. वाईट वाटायचं, पण वाटायचं.

आम्ही राहतो ते प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर, खळगे पाडलेल्या जाड काचेत. तिथे तीन माणसं. ताई संशोधन करते. सर तिचे मार्गदर्शक. आणि काका, जे सकाळी वाळकं गवत उकळून, गाळून आमचं पाणी तयार करतात. त्यात जिवाणू वाढतात, तेच आमचं जेवण. काचेवर टिचकी मारून काका रोज विचारतात, "काय मंडळी, जेवलात का?" आम्हाला असं विचारणारं जगात दुसरं कोणी नसेल.

ताईच्या डोक्यात एकच भुंगा होता: हा ठिपका रोज करतो तरी काय? तिने काचेची नळी तापवून केसाहून बारीक ओढली. पहिल्या खळग्यातल्या पेशींना हात लावला नाही. दुसऱ्यातल्यांना नुसतं टोचलं. तिसऱ्यातल्यांना टोचून माझे भाऊबंद चक्क शोषून बाहेर काढले. मी पहिल्या खळग्यात होतो. पण शेजारचा तो प्रकार बघून माझं धाबं दणाणलं आणि मी दादाच्या मागे दडून बसलो.

चार दिवसांत तिसऱ्या खळग्यातल्या पेशी मागे पडल्या. मेल्या नाहीत, पण रखडत होत्या. आमच्यातल्या एकीच्या चार पेशी होईपर्यंत त्यांच्यातल्या एकीच्या जेमतेम दोन व्हायच्या.

सरांनी भिंगात डोकावून मान हलवली. "अगं, वाढ मोठं केंद्रक सांभाळतं. धाकटं फक्त सोयरिकीपुरतं. टोचल्यामुळे मंदावल्या असतील."

"सर, दुसऱ्या खळग्यातल्यांनाही टोचलंय. त्या मजेत आहेत."

"मग खाणं कमी पडलं असेल. शुक्रवारपर्यंत बघ. नाहीतर धुऊन टाक आणि दुसरा विषय घे."

दोन वर्षांचं काम धुऊन टाक म्हणे! ताईचा चेहरा एवढासा झाला. आणि तिसऱ्या खळग्यातल्या त्या अर्धपोटी पेशी तर सरळ मोरीत जाणार होत्या.

गुरुवारी काका खाली मान घालून टेबलाशी आले.

"ताई, एक चूक झाली. रागावू नका."

"काय झालं?"

"तो तिसरा खळगा. बिचाऱ्या फार मरगळलेल्या दिसत होत्या. मला राहवलं नाही. मी रोज त्यांना दोन थेंब जास्तीचं वाढत होतो."

ताईने कपाळाला हात लावला. "काका! सगळ्यांना सारखंच द्यायचं होतं हो! आता सर हा प्रयोग तरी धरतील का?"

ताई काच उचलायला गेली आणि एकदम काकांकडे वळली. "थांबा. म्हणजे त्यांना जास्त मिळत होतं? तरी उपाशी?"

कोण किती गिळतं ते दिसावं म्हणून तिने तिन्ही खळग्यांत काळ्या शाईचा बारीकसा थेंब सोडला. आम्ही पाण्याबरोबर शाई गिळली आणि पोटात काळ्या ठिपक्यांची रांगच लागली. तिसऱ्या खळग्यातल्यांच्या पोटात एखादाच ठिपका. ताईने मोठं भिंग लावलं. त्यांचा घसा आखूड, वेडावाकडा होता. पेशी विभागताना नवं तोंड नीट घडतच नव्हतं. ताट भरलेलं होतं, घास आत जात नव्हता. आणि ते तोंड घडताना लागतो तो मी! मला तरी कुठे ठाऊक होतं?

सरांनी शुक्रवारी शाई पाहिली आणि हनुवटी खाजवली. "हं. मग ठिपका परत घालून दाखव. तोंड सुधारलं तर मी मानतो. आठवडा देतो."

ताईने निवडलं नेमकं मला. नळी आली, मी दादाला घट्ट धरलं, पण काय उपयोग? सर्रकन बाहेर. तिसऱ्या खळग्यातल्या एका पेशीत तिने फुंकर मारली, तर मी नळीच्या टोकालाच चिकटलेला.

"गेला वाटतं," ताई रडवेली झाली.

"घाई नको," काका म्हणाले. "पुन्हा एकदा हलकेच फुंका."

आणि मी आत पडलो. तिथला दादा अनोळखी, दमलेला. मी त्याच्या कुशीला टेकलो.

आठवड्याने सर आले. पण भिंगाला डोळा आधी काकांनी लावला. ताईनेच त्यांना पुढे केलं. माझ्या नव्या घराच्या लेकीबाळींच्या पोटात ताज्या शाईच्या काळ्या ठिपक्यांची रांग होती.

"जेवतायत की!" काका ओरडले आणि चष्मा पुसायला लागले. सर हसले आणि म्हणाले, "लिहायला घे."

आता माझं बरं चाललंय. पेशी दुभंगते तसा मीही दुभंगतो. त्यातला खरा मी कोणता, हे मलाच सांगता येत नाही. पण एक गोष्ट जिवाला लागून राहिली आहे. माझं जुनं घर ताईने चौथ्या खळग्यात ठेवलंय. माझ्यावाचून तेही आता रखडतंय. जुना दादा एकटाच हुकूम सोडत असेल.

आज सकाळी काकांनी त्या खळग्यावर टिचकी मारली. "दम धर जरा. तुझीही सोय होतेय."

ताई पुन्हा काचेची नळी तापवते आहे. मी इथल्या दादाच्या कुशीतून थोडा बाजूला सरकून बसलोय, म्हणजे तिला मला शोधावं लागणार नाही.