साक्री धुळ्याकडून बोलली

मी टेलिफोनचा बोर्ड बोलतोय. खरं तर बोलणं माझं कामच नव्हे. इतरांचं बोलणं या भोकातून त्या भोकात पोचवायचं, बस. पांझरेकाठच्या एका गावात पासष्ट साली मला भिंतीला ठोकलं. पश्चिमेच्या तारेवर साक्री, पूर्वेच्या तारेवर धुळे. जिकडून हाक येई त्या नावाची पितळी झडप पडायची, आणि नाना दोरीचं टोक भोकात खुपसायचे.

नाना म्हणजे इथले मुख्य. नोकरी जुनी, त्यामुळे अक्कल संपली तरी अधिकार संपत नव्हता.

साक्रीच्या बोर्डावर गिरधर होता, नवाच. एकदा म्हणाला, "नाना, एक तार तुटनी तर कॉल कसाले थांबाडाना? नंदुरबार, जळगाव, धुळे असा फिराईसन धाडूत. पोचना म्हंजे व्हयनं."

"वरात आहे का रे, गावभर फिरवायला?" नाना हसले. "साक्रीचा कॉल साक्रीच्या झडपेतून येतो. आधी मिशी फुटू दे."

त्या श्रावणात पांझरेला पूर आला. पूर आला की बाया घाटावर नदीची ओटी भरतात. नानांनीच बायकोला, वच्छलाबाईला धाडलं. "ओटी भरली की नदी उतरते. मी निरोप देईपर्यंत हलू नको."

साक्रीची झडप सकाळपासून मेलेली. तार वाहून गेली होती. दुपारी धुळ्याची पडली.

आवाज चार बोर्डांतून गाळून आला होता, विहिरीच्या तळातून यावा तसा. "नाना, मी गिरधर, साक्रीथीन. आखो मोठं पानी ई ऱ्हायनं. बायासले घाटवरथीन उठाडा."

नाना झडपेकडे बघत राहिले. "धुळ्यातून साक्री? कोण रे चावट?" आणि त्यांनी टोक उपटलं.

तरी तो बोलतच होता. नानांना नाही, माझ्या लाकडाला ऐकू येत होतं. "उठाडा, नाना. उठाडा." मला ना तोंड, ना हात. मग घाटाकडून एकच आवाज आला, आणि त्यानंतर एकाही बाईचा आला नाही.

वच्छलाबाई सापडल्या नाहीत.

आता नवी यंत्रं आलीत, मी अडगळीत आहे, माझ्या तारा कापल्यात. रिटायर झालेले नाना रोज येतात, धुळ्याच्या भोकात टोक खुपसतात. "हां गिरधर, बोल. उठवतो बायांना." कानावर काही येत नाही म्हणून परत जातात. म्हाताऱ्यांनो, हाक कुठल्याही वाटेनं येवो, आधी ऐका. वाट मागाहून तपासा.

नाना गेले की साक्रीची झडप आपोआप पडते. गिरधर नसतो. बाईचा आवाज असतो, ओला.

"ओटी भराई गई. आते घर येऊ का?"