व्हिसा रद्द व्हायच्या आत

ममता राठोड इंग्लंडात एका वृद्धाश्रमात कामाला होती. भावाच्या लग्नासाठी ती दिग्रसजवळच्या तांड्यावर एकटीच आली होती. नवरा सुनील आणि सहा वर्षांची मुलगी तिच्याच व्हिसावर तिकडे राहत होते.

हळदीच्या दिवशी दुपारी मेल आला. परदेशी माणसं कामावर ठेवायचा वृद्धाश्रमाचा परवाना तिथल्या सरकारनं काढून घेतला होता. ममताची नोकरी गेली होती, आणि त्या नोकरीवर मिळालेला तिघांचा व्हिसा कधीही रद्द होणार होता.

हळदीच्या हातानंच तिनं तिकडच्या दुसऱ्या वृद्धाश्रमांना फोन लावायला सुरुवात केली. सात ठिकाणी पहिला प्रश्न एकच होता, "स्पॉन्सरशिप लागेल का?" म्हणजे व्हिसासाठी मालकानं घ्यायची हमी. हो म्हटलं की बोलणं संपायचं. अनुभव कुणी विचारलाच नाही.

आठव्या ठिकाणच्या बाईंनी ऐकून घेतलं. "घेऊ आम्ही. पण बाहेरून माणूस बोलावता येत नाही आता. तुम्ही इथंच आहात ना?"

"रजेवर आलेय. सोमवारी तिथं असेन," ममता म्हणाली. तिकीट पंधरवड्यानंतरचं होतं.

याडी, म्हणजे तिची आई जमनी, दारात उभी होती. "लग्न टाकून चालली?"

"याडी, पोरगी तिकडं हाय. व्हिसा गेला त मले आतच नाही घेणार."

जमनीचा चेहरा उतरला. "मंग उभी काहून हाय? भर बॅग."

तिकीट अलीकडचं करून ती निघाली. नागपूरला जाईस्तोवर ममतानं फोन उघडला नाही. व्हिसा रद्द झाल्याचा मेल दिसेल याची भीती होती. निघण्याआधी सुनीलनं फोनवर बजावलं होतं, "विमानतळावर इचारलं त जुन्याच जागेचं नाव सांग."

लंडनच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं खरंच विचारलं, "काम कुठं करता?"

खोटं पकडलं गेलं तर सगळंच संपलं. तिनं परवाना गेल्याचा मेल काढून फोन त्याच्यापुढे धरला. त्यानं तिला बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि पासपोर्ट घेऊन आत गेला. पाऊण तासानं परत आला. व्हिसा अजून रद्द झाला नव्हता. त्यानं पासपोर्ट परत देऊन तिला आत सोडलं.

नोकरी मिळाली, कागदही झाले. पण तिथं सलग दोन पाळ्या लावल्या तरी ती नाही म्हणत नाही. गेल्या महिन्यात तक्रार करणाऱ्या बाईची स्पॉन्सरशिप काढून घेतली, हे तिनं पाहिलंय.

"सून पाहाले कधी येतं?" जमनी फोनवर विचारते.

"पाहू, याडी," ममता म्हणते. रजेचा अर्ज तिनं अजून केलेला नाही.