खिशातली भाकर

"फादर, येशूला खिशात घालून घरी नेलं तर चालतं का?"

हे शब्द माझे नव्हते, माझ्या मैत्रिणीचे, मुसूचे होते. सोमवारी शाळा सुटल्यावर तिने पैजच लावली. "दर रविवारी चर्चमध्ये क्रूस उंच धरून सगळ्यांच्या पुढे छाती काढून चालतेस ना? मग विचार की फादरना! अगदी ह्याच शब्दांत, नाहीतर पैज हरलीस."

मागच्या वर्षीची मी असते तर मुसूच्या पाठीमागे लपले असते. पण क्रूस धरायला लागल्यापासून माझा आवाज समुद्रापलीकडे ऐकू जातो, असं माझी मा म्हणते. तर मी विचारलं.

फादर वॉनली चर्चच्या मागच्या पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होते. ब्रश हवेतच थांबला.

"कुणाच्या खिशात?"

मी कुणाचंही नाव घेतलं नाही. पण माझ्यामागे उभ्या गार्माईने कंपासपेटी अशी काही छातीशी घट्ट धरली, की सांगायची गरजच उरली नाही.

आदल्या दिवशी, रविवारी, झालं होतं ते असं. गार्माई माझ्या वर्गातली, बाप्टिस्ट. मी क्रूस कशी धरते ते बघायला ये, म्हणून मी महिनाभर तिच्या मागे लागले होते. "अवघड काही नसतं गं, मी करते तसंच कर," असंही सांगून ठेवलं होतं. आता मी बसणार वर वेदीजवळ आणि ती बसणार खाली बाकावर, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

त्यात तिच्या चर्चमध्ये पुढचे बाक आधी भरतात, आणि आमच्यात मागचे. आमचे लोक लवकर येतात ते मागची जागा पकडायला. मा आणि पा यांचा खिडकीजवळचा शेवटचा बाक तर कुणी बिशप आला तरी मिळायचा नाही. गार्माई बिचारी भल्या मनाने पहिल्या बाकावर जाऊन बसली, एकटीच. बघून करायला पुढे कुणी नाही आणि मागे तीन बाक रिकामे. आम्ही उभे, तर ती बसलेली. ती उठली, तोवर आम्ही गुडघ्यावर. हातात एक कागद आणि दोन पुस्तकं, कुठलं कधी उघडायचं देव जाणे. मी वरून भुवयांनी खाणाखुणा केल्या. माझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय असं तिला वाटलं! मधे सगळे एकमेकांना शांती म्हणत हात मिळवतात, तेवढं मात्र तिला झकास जमलं. तेव्हा मागचे लोक खास पुढे आले तिच्यासाठी.

मग भाकर आली, म्हणजे येशूचं शरीर म्हणून आम्ही खातो तो घास. गार्माईच्या चर्चमध्ये भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरतं. प्रत्येकाने आपला तुकडा हातात धरून थांबायचं. पाळक "खा" म्हणाले की सगळ्यांनी एकदम खायचं. आधी तोंडात टाकला तर तिची आई चिमटा काढते. आमच्याकडे ती वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून बसली, फादरनी तळहातावर ती पातळ पांढरी चकती ठेवली आणि ते पुढे सरकले. गार्माई थांबली. द्राक्षारसाचा प्याला आला, तिने मान हलवली. शेजारचे उठले. "खा" म्हणून कुणी म्हणेचना. शेवटी तीही उठली, आणि चकती गेली खिशात.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिने आम्हाला दाखवली. रुमालात गुंडाळलेली, कोनमापकाच्या शेजारी.

"कोंबडीला घाल," मुसू म्हणाली.

"वेडी आहेस का? पवित्र झालेली आहे ती!"

"मग ती कोंबडी जी अंडी घालेल ती बिशपना पाठवू."

गार्माई हसली नाही. "तुम्हाला गंमत सुचते. माझी आई आमच्या चर्चची डीकन आहे, पाळकांच्या खालोखाल. तिला कळलं तर? आणि तुमच्या फादरना? मी वेदीवरचं चोरून आणलंय. मी पुन्हा तिकडे पाय ठेवणार नाही, डेकॉन्टी. कधीच नाही."

डेकॉन्टी म्हणजे मी, आणि हे 'कधीच नाही' मला शाळा सुटेपर्यंत टोचत होतं.

फादरनी पेटी उघडायला लावली. चकतीला तडा गेला होता, कडेला पेन्सिलीचा काळा डाग.

"खाल्ली का नाहीस, पोरी?"

"तुम्ही 'खा' म्हणालाच नाहीत," गार्माई पुटपुटली.

 फादर असे हसले, असे हसले, की बूट पायरीवरून घरंगळत खाली गेला. "अगं, इतकी वर्षं मी हा घास वाटतोय, माझ्या शब्दासाठी थांबलेली तू पहिलीच! आमची मंडळी माझी बोटं सुटायच्या आत गिळतात. बाप्तिस्मा झालाय तुझा?"

"हो. नदीत. पूर्ण बुडवलं होतं."

"आमच्यात कपाळावर तीनदा पाणी. तू तर आमच्यापेक्षा जास्त भिजलीस. मग हा घास तुझाच. चोरी कसली?"

"आणि मी आले तर?" मुसूने पायरीच्या खालून विचारलं. "मी मशिदीत जाते."

"तू खुशाल बाकावर बसून राहा, कुणी वळून बघणार नाही. पुढे यावंसं वाटलं तर हात असे छातीवर आडवे धर. मी नुसता आशीर्वाद देईन."

मुसूने लगेच हात धरून बघितले. "शवपेटीत ठेवल्यासारखी दिसतेय मी."

फादर आम्हाला वेदीमागच्या खोलीत घेऊन गेले. तिथे दोन बेसिनं आहेत. झगा घालायला मी दर रविवारी त्या खोलीत जाते, आणि झाकणवालं बेसिन मोडलेलं आहे असं मला खुशाल वाटत होतं! त्याचा पाइप गटारात जात नाही, थेट जमिनीत जातो. वेदीवरच्या पवित्र वस्तू त्यात धुतात, म्हणजे ते पाणी कुणाच्या पायाखाली येत नाही. मी झाकण उचलून आत नाक घातलं. ओल्या मातीचा वास आला.

"कुठे निघतं हे?"

"पपईच्या झाडाखाली."

"तरीच त्या पपया एवढ्या गोड!"

"अच्छा, म्हणजे चोर तू आहेस तर." फादर गार्माईकडे वळले. "पाण्यात विरघळवून इथे ओतू, किंवा तू खा. तू म्हणशील तसं."

गार्माईने बराच विचार केला. "खाईन. पण एकटी नाही. आमच्यात सगळे एकदम खातात."

फादरनी हात धुतले, छोटी प्रार्थना म्हटली आणि चकतीचे तीन तुकडे केले. एक तिला, एक मला, एक स्वतःला. मुसू दारात हात आडवे धरून उभी राहिली, तिच्या डोक्यावरही त्यांनी हात ठेवला. आम्ही तुकडे धरून थांबलो. बाहेरून एक मोटरसायकल गेली. गार्माई फादरच्या ओठांकडे टक लावून बघत होती.

"खा," फादर म्हणाले.

खोडरबराची चव होती. तळहातावरचा चुरा गार्माईने स्वतः त्या बेसिनात झटकला आणि वरून पाणी ओतलं.

"रविवारी येशील?" मी रस्त्यात विचारलं.

"यावंसं वाटतंय गं. पण पुन्हा तिथे एकटी? तू वर उभी राहून भुवया उडवणार, आणि मी बघायचं कुणाकडे?"

 

घरी मा माझा पांढरा झगा इस्त्री करून दाराला लटकवत होती. आमची मुलगी क्रूस धरते, हे पा अख्ख्या बंदरावर सांगत असतो. मी त्या झग्यावरून एकदा हात फिरवला. भात आणि कसाव्याच्या पाल्याची भाजी वाढून झाली, पा पहिला घास उचलणार, तेवढ्यात मी म्हणाले, "मा, पा, ऐका. रविवारपासून मी क्रूस धरणार नाही. मी पहिल्या बाकावर बसणार आहे, गार्माईच्या शेजारी, आणि जो कुणी नवा येईल त्याच्याही शेजारी. आणि मधले बाक रिकामे राहून चालणार नाही, म्हणून तुम्ही दोघंही खिडकी सोडून पुढे येणार आहात."