जमुनाच्या पोटावरचे पाच डाग

माझ्या हाताले गुन आहे, असं आख्खा गाव म्हनते. लेकराचं पोट फुगलं की बाया माझ्याकडं येतात. सुईले बिब्बा टोचाचा, दिव्यावर धराचा, तेल सुटलं की पोटावर पाच डाग द्याचे. पन्नासेक लेकरं तरी बरी झाली असतील. माझ्यानं झाली का आपोआप, ते आता मले सांगता येत नाही.

जमुना माझ्या भावाची, सूर्यभानची पोरगी. तीन वर्साची. नवरा गेल्यापासून मी त्याच्याच घरी राहते. पोरीचा करदोडा आवळून राहिला म्हनून मी दोनदा सैल केला, अन् भावजयीले, रुख्मिणीले म्हटलं, पोरगी बाळसं धरून राहिली. दृष्टही काढली. हातपाय काड्या झाले तवा कुठं उमजलं.

अमरावतीच्या डाक्टरनं पोट दाबून पाहिलं. म्हने, हे लेकराइचं नेहमीचं लिव्हरचं दुखनं नव्हे, काळजात, म्हंजे यकृतात, गाठ आहे. लेकराइले क्वचितच होते. औषधानं जिरत नाही, किरनांच्या शेकाचाही भरवसा नाही. पन गाठ अजून एकाच बाजूले आहे. तेवढा तुकडा कापून काढला तं उरलेलं काळीज पुन्हा वाढते. हे काम करनारे मुंबईचे सर्जन सोमवारी अकोल्याले येनार होते.

"पोरगी वाचन का?" सूर्यभाननं विचारलं.

"चारातली एखादी वाचते. नाही कापलं तं एकही नाही."

तो तयार झाला. रुख्मिणी तं त्याच्या आधीच तयार होती. माझंच मन खाऊन राहिलं. एवढ्याशा जीवाले सुरी लावतात का? शुक्रवारी रुख्मिणी धुनं घेऊन नाल्यावर गेली अन् मी दिवा लावला. म्हटलं, गाठ जिरली तं सुरी टळते. नाही जिरली तं आपलं काय गेलं?

जमुना रडली नाही. "आत्या, आता मले कापत नाही ना?" एवढंच बोलली. मी नाही म्हटलं.

लढाईचे दिवस, गाडीत सोजीर भरलेले. बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत आमी उभ्यानंच गेलो. सर्जननं झगा वर केला. पाचही डाग पिकले होते, पू वाहून राहिला होता. त्यांनी हात मागं घेतला. म्हने, ह्या कातडीतून सुरी घातली तं पू पोटात जाईल, पोरगी दोन दिवस काढनार नाही. डाग वाळू द्या, दोन महिन्यांनी मी पुन्हा येतो. कोनी केलं हे, त्यांनी विचारलं. रुख्मिणीनं माझ्याकडं पाहिलं अन् झगा खाली केला.

डाग वाळाले महिना लागला. तवर गाठ दोन्ही बाजूंनी पसरली. अमरावतीचे डाक्टर म्हनाले, आता मुंबईलेही नेऊ नका.

सर्जन ठरल्या दिवशी आले म्हने. तवा जमुनाले जाऊन अकरा दिवस झाले होते. मीच मारली तिले. घरात कोनी मले बोल लावला नाही. लावला असता तं बरं होतं.

काल माणिकबाई नातू घेऊन आली. पोट तट्ट फुगलेलं. मी म्हटलं, डाक्टरकडं ने, मी बिब्बा सोडला. तिले राग आला.

"भाचीले घातला, मंग आमच्या लेकराले काहून नाही? तुमच्या हाताले गुन आहे, सारा गाव सांगते."

रुख्मिणी बाजूले तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"नाही गुन बाईच्या हाताले," ती म्हनाली. "आमची जमुना त्यानंच गेली. न्या लेकराले डाक्टरकडं."

चार महिन्यांत माझ्याबद्दल ती पहिल्यांदा बोलली.