खाट क्रमांक चौदाची प्रार्थना-साखळी

सुज्ञ वाचकहो! एका टपालवाल्याची धर्मपत्नी रुग्णालयात मरणाच्या दारी असताना तिच्यासाठी अठ्ठेचाळीस जणांनी केलेल्या प्रार्थना कोणाच्या पदरी पडल्या, आणि त्या परत मागावयास गेलेल्या नवऱ्याच्या हाती काय लागले, याचे साद्यंत निवेदन येथे करण्याचे योजिले आहे. वाचताना हसू आल्यास खुशाल हसावे. त्याने पाप लागत नाही.

या टपालवाल्यास चर्चच्या मंडळीत लहानथोर सर्व 'शिक्काभाऊ' म्हणत. सत्तावीस वर्षे पत्रांचे वाटप करून त्यांची अशी पक्की धारणा झाली होती की, जगात जे काही बिघडते ते अपुऱ्या पत्त्यामुळे बिघडते. पत्नीच्या दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया भरला आणि तिला वॉर्ड तीनमध्ये दाखल केले, तेव्हा दुसरा नवरा रडला असता. शिक्काभाऊंनी कागद व पट्टी घेतली. दिवसाचे अठ्ठेचाळीस अर्धे तास पाडले आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीकडून तसा ठराव करून घेतला. आपल्या मंडळीत तेवढी माणसे भरेनात, म्हणून शहरातील आणखी दोन मंडळ्यांतून अनोळखी माणसे जमविली, आणि सोमवारी प्रत्येकाच्या हाती चिठ्ठी ठेवली: 'वॉर्ड तीन, खाट चौदा. फुफ्फुसे दोन्ही. ताप एकशे तीन.' रुग्णाचे नाव लिहावयास जागा उरली नव्हती.

"अहो, नाव नको का?" मंडळीच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, विचारले.

"नावाची माणसं ढिगाने असतात, साहेब. खाट चौदा एकच."

मंगळवारी पहाटेपासून साखळी सुरू झाली; बाकीचे घरीच प्रार्थना करीत, भेटीच्या वेळेत ज्यांची पाळी येई ते वॉर्डात येत. त्याच दिवशी सकाळी सिस्टरने शिक्काभाऊंच्या पत्नीस खाट चौदावरून खाट नऊवर हलविले. शिक्काभाऊंनी ते संध्याकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, नऊजवळ खिडकी आहे म्हणून समाधान मानले, आणि चिठ्ठ्यांचा विचार त्यांच्या मनाला शिवलादेखील नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गुरुवारी डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतले. "औषध बदललंय. शनिवार सकाळपर्यंत ताप उतरला तर ठीक. नाहीतर मशीनवर ठेवावं लागेल, आणि मग मी शब्द देऊ शकत नाही."

जड पावलांनी शिक्काभाऊ वॉर्डात शिरले, तो काय! खाट चौदावर एक भाजीवाली मांडी ठोकून संत्रे सोलीत होती. मंगळवारी तिला आणले तेव्हा तिच्याकडे पाहून वॉर्डबॉयनेही मान हलविली होती.

"मावशी, बऱ्या झालात की!"

"बरी? अहो भाऊ, घोडी झालेय घोडी! ती माणसं येतात ना रोज चार वाजता, भेटीची वेळ झाली की, हातात चिठ्ठी घेऊन. भिंतीवरचा नंबर बघतात, डोळे मिटतात आणि सुरू! काय तो आवाज! पहिल्या दिवशी मला वाटलं, मी गेले, आणि हे न्यायला आलेत."

शिक्काभाऊंनी भिंतीवरचा आकडा वाचला. मग चिठ्ठीवरचा आकडा आठवला. अहोरात्र चाललेली पुऱ्या दोन दिवसांची प्रार्थना, एकूण शहाण्णव नग, आजचे वेगळे, भलत्याच दारात पडली होती. आणि पडून लागूही झाली होती!

"तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? डोळे मिटलेले, तोंड चालू. मध्ये शिरायला फट कुठाय? शेवटी ते आमेन म्हणाले, मीपण म्हटलं. तेवढी रीतभात आहे मला."

शिक्काभाऊ तडक मंडळीच्या कचेरीत धावले. तेथे पंच कमिटी बसली होती. चिटणिसांनी सर्व ऐकून वही उघडली.

"ठराव खाट चौदाचा झालाय. दुरुस्ती रविवारच्या सभेत होईल."

"अहो, रविवारपर्यंत ती राहिली पाहिजे ना!"

"विश्वास ठेवा, शिक्काभाऊ. विश्वासाने डोंगर हलतात."

"डोंगर हलतात, मग वहीतला आकडा का हलत नाही?"

मग एक वयोवृद्ध पंच खाकरून म्हणाले, "त्यापेक्षा तुमच्या पत्नीलाच परत चौदावर हलवा. सगळ्यांना सोपं पडेल."

वाचकहो, बुडत्याला काडीचा आधार. शिक्काभाऊंना ही सूचना अत्यंत व्यवहार्य वाटली. शुक्रवारी त्यांनी कामावर दांडी मारली आणि दुपारी सिस्टरपुढे हात जोडले. सिस्टरने त्यांना नखशिखांत न्याहाळले.

"चौदाची ऑक्सिजनची नळी बंद पडलीय. म्हणून तर त्यांना नऊला आणलं. हलवायचं म्हणता? हलवते. मग उद्याची प्रार्थना कबरस्तानात ठेवा."

हे संभाषण भाजीवालीने ऐकले. हातातले संत्रे खाली ठेवून ती म्हणाली, "भाऊ, तुमचं आलेलं माझ्याकडे राहिलं असेल तर घेऊन जा बाबा. मी काही मागितलं नव्हतं. पण एक सांगते, इतक्या दिवसांत माझ्या खाटेपाशी तेवढेच लोक आले."

तेवढ्यात खाट नऊवरून पत्नीने बोटाने खूण केली. शिक्काभाऊ जवळ जाताच तिने तोंडावरचा मास्क किंचित उचलला.

"अहो, कसला गोंधळ चाललाय?"

शिक्काभाऊंनी सर्व सांगितले. तिचे खांदे हलू लागले. ते घाबरून सिस्टरला हाक मारणार, तोच त्यांना कळले की ती हसते आहे.

"त्या अठ्ठेचाळीस जणांत," ती धापा टाकीत म्हणाली, "तुमची वेळ कुठली?"

शिक्काभाऊंनी खिशातून वेळापत्रक काढले. वरून खाली वाचले. खालून वर वाचले.

"मी... मी संयोजक आहे."

"म्हणजे काय करता?"

"बाकीचे करतात की नाही ते बघतो."

"बरं." तिने डोळे मिटले. "त्यांचं तिकडेच चालू दे. तिला कोणी नाही. मला तुमचं हवंय. बसा."

शिक्काभाऊ बसले. "हे परमकृपाळू, सर्वसमर्थ, आकाश व पृथ्वीच्या उत्पन्नकर्त्या..." इतके खणखणीत म्हणून त्यांची गाडी अडली. पुढचे शब्द आजवर शेकडो वेळा म्हटले होते, एकही आठवेना.

"देवा, हिला नेऊ नकोस. मला फार भीती वाटते."



"एवढंच?" पत्नीने विचारले.

"एवढंच येतंय."

"पुरे. हात सोडू नका."

चार वाजता एक अनोळखी गृहस्थ चिठ्ठी घेऊन आले, खाट चौदापाशी उभे राहिले आणि डोळे मिटून गर्जू लागले. शिक्काभाऊंनी त्यांना अडविले नाही. गृहस्थांचे संपल्यावर भाजीवालीने आमेन म्हटले, आणि पलीकडून, पत्नीचा हात न सोडता, शिक्काभाऊंनीही म्हटले.

शनिवारी सकाळी ताप शंभरावर आला. डॉक्टर म्हणाले, "मशीन नको."

रविवारच्या सभेत आकडा चौदाचा नऊ करण्याचा ठराव एकमताने संमत झाला. त्यानंतर मात्र ताप नेमका कोणाच्या अर्ध्या तासात उतरला, यावरून तिन्ही मंडळ्यांत जुंपली. एका चिटणिसाने थर्मामीटरच्या नोंदी मागविण्याची सूचना मांडली. निवाडा करण्यासाठी संयोजकांना चारदा पुकारण्यात आले. ते सभेत नव्हते. वॉर्ड तीनमध्ये बसून ते पत्नीस चमच्याने पेज भरवीत होते, आणि ती म्हणत होती, "अहो, सावकाश. जरा फुंकर घाला."

येथवर सोबत करणाऱ्या वाचकांचे मनःपूर्वक उपकार मानतो. भाषेत उणे राहिले असल्यास ते माझ्या अर्धवट शाळेचे समजावे. आणि घरात कोणी आजारी असल्यास हा कागद बाजूला ठेवून आधी त्याच्याजवळ जाऊन बसावे, ही विनंती.

आपला नम्र,
योना शांतवन