दुसऱ्या तुकडीचा उशीर

मेजर हौसराव थिट्यांनी चुलीतल्या राखेची मूठ सोडत अंगणात नाला ओढला, आणि तो वाकडा गेला म्हणून स्वतःच्याच नावानं एक शिवी हासडली. सकाळपासून ते मातीत बसले होते. कांद्याच्या वाफ्यातली भुसभुशीत माती चार पाट्या भरून आणली होती, तिचा डोंगर केला होता, डोंगरावर काड्यापेट्यांचं गाव वसवलं होतं. दोन तुकड्यांसाठी सरूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली बटणं घेतली होती, तीही न विचारता. फौजेत कारवाईच्या आधी असा मातीचा नकाशा करून जवानांना समजावून सांगतात. मेजरांनी तो कारवाईनंतर नऊ वर्षांनी केला होता, केंदुरात, स्वतःच्या दारात.

समोर खुर्चीवर कॅप्टन हर्षदा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसली होती. ज्यांनी प्रत्यक्ष कंपनी चालवली अशा निवृत्त मेजरांचे अन् कर्नलांचे अनुभव गोळा करायचे, आणि नव्या अधिकाऱ्यांसाठी त्याचं पुस्तक करायचं, असं काम फौजेनं तिच्याकडे दिलं होतं. पुण्याहून ती तिसऱ्यांदा आली होती. पहिल्या दोन खेपा मेजरांनी प्रस्तावनेतच घालवल्या होत्या.

प्रस्तावना लांबली, कारण मुद्दा दुखरा होता. मेजर मेजरच राहिले होते. लेफ्टनंट कर्नलच्या बढतीसाठी दोनदा नाव गेलं, दोनदा परत आलं, आणि दोन्ही वेळा फाइलवर तीच जून त्र्याण्णवची कारवाई होती. शहाण्णव साली ते गावी आले, तर गावानं आणखी मीठ चोळलं. आपल्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणायची पद्धत. गाडी चालवणारा मेजर, लंगरात भाजी चिरणारा मेजर. वीस वर्षं घासून मिळवलेला हुद्दा पारावर फुकट वाटला जात होता, आणि खऱ्या मेजरानं तो कुणाला आणि कसा समजावून सांगायचा? आता पुस्तकात एकदाचं छापून येईल, की चूक त्यांची नव्हती. एवढ्याचसाठी ते हर्षदाची वाट बघायचे आणि ती आली की चिडायचे.

आज चिडायला नवं कारण होतं. पुस्तकाचा नियम असा, की प्रत्येक प्रसंग दोघांनी सांगायचा. हुकूम देणाऱ्यानं, आणि ज्यानं तो घेतला त्यानं. मेजरांनी आधी साफ नकार दिला. मग म्हणाले, बोलवा कुणालाही, फक्त कोकऱ्यांना नको. हर्षदानं बोलावलं ते नेमकं कोकऱ्यांनाच, कारण दुसरी तुकडी त्यांचीच होती.

नायब सुभेदार रखमाजी कोकरे अकराच्या सुमारास आले. यवताजवळच्या वाडीतून सकाळी सहाला निघून, चौफुल्याला एक गाडी, शिरूरला दुसरी, शिक्रापूरला तिसरी असं करत. धोतर, पांढरा सदरा, पायात मात्र फौजेचे बूट. त्यांनी टाचा जुळवून मेजरांना सॅल्यूट केला आणि मग सरूबाईंना हात जोडले.

"जय हिंद, साहेब."

"जय हिंद, साहेब. या," मेजर म्हणाले. फौजेत सुभेदाराला अधिकारीही साहेबच म्हणतो. ती रीत मेजरांनी मोडली नाही, पण खुर्चीवरून उठलेही नाहीत.

चहा झाला. कांद्याला काय भाव लागला, यवताला आता किती गाड्या थांबतात, हे विचारून झालं. नऊ वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते आणि अजूनही बोलत नव्हते, असं हर्षदाला वाटलं. तिनं टेप सुरू केली.

मेजरांनी छडी घेतली आणि उभं राहून सांगायला लागले. आवाज एकदम वीस वर्षांनी तरुण झाला. हे गाव. गावात सहा अतिरेकी लपल्याची पक्की बातमी. पहिली तुकडी दक्षिणेकडून, काळी बटणं. दुसरी तुकडी, पांढरी बटणं, हा नाला ओलांडून चार वाजेपर्यंत उत्तरेचं तोंड बंद करणार. चारला पहिली तुकडी जागेवर हजर. दुसरीचा पत्ता नाही. ती आली सहाला. तोवर ते सहा जण मोकळ्या बाजूनं बाहेर पडले, वळसा घालून पहिल्या तुकडीच्या पाठीवर आले आणि दोन जवान गेले.

"दोन तास," मेजर छडी नाल्यावर आपटत म्हणाले. राख उडाली. "नाल्यापासून ठरलेली जागा नकाशात पाऊण तासाची. मी हजार वेळा मोजलीय. ह्यावरून नव्या पोरांनी एकच गोष्ट शिकायची, कॅप्टन. खालच्यानं वेळ पाळली नाही, तर वरच्याचा कितीही चांगला बेत मातीत जातो. लिहून घ्या हे."

हर्षदानं लिहून घेतलं. मग रखमाजींकडे वळून म्हणाली, "साहेब, तुमच्या बाजूनं सांगा."

रखमाजी खुर्चीवरून उठून नकाशाजवळ उकिडवे बसले. बराच वेळ बघत राहिले. मेजरांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"नकाशा झकास झालाय," रखमाजी म्हणाले. "ह्यात पाणी तेवढं न्हाई."

"नाला म्हटल्यावर पाणी आलंच की!"

"सकाळचं येगळं, साहेब, दुपारचं येगळं."

मग ते हर्षदाला सांगायला लागले. सकाळी त्या नाल्यात घोटाभर पाणी असतं, पोरसुद्धा पार होईल. ऊन तापलं की वरचं बर्फ वितळतं. तीनला तुकडी काठावर पोचली तेव्हा नाला दगड लोळवत चालला होता. तिथं बकरवाल होते, शेरडंमेंढरं वर चरायला न्यायला आलेले. त्यांची बोली ह्यांना येत नव्हती, ह्यांची त्यांना. पण त्यातल्या म्हाताऱ्यानं हातातली काठी पाण्यात उभी केली, बाहेर काढली आणि ओल कुठवर आली ते स्वतःच्या छातीला लावून दाखवलं. आमच्याकडं भीमेला पाणी आलं की आमचा बा असंच करायचा, रखमाजी म्हणाले, कळप घालायच्या आधी. म्हाताऱ्यानं बोटानं वरची वाट दाखवली. मेंढरांची वाट, बर्फाच्या पुलावरून जाणारी. दोन तास जास्तीची.

त्यांनी काडी घेऊन डोंगराच्या कुशीतून एक रेघ ओढली, नाल्याच्या वरून, लांब वळणानं गावाच्या उत्तरेला नेली.

"ही वाट नकाशात नव्हती," मेजर म्हणाले.

"न्हाई. मेंढरांच्या वाटा नकाशात कुठं असत्यात?"

"मग कळवायचं होतं! वायरलेस कशाला दिला होता? मला असा काही संदेश आलेला नाही, कॅप्टन. माझ्या अहवालात मी तेच लिहिलंय, चौकशीत तेच सांगितलंय. संदेश आला असता तर मी पहिल्या तुकडीला दोन तास मागं धरलं असतं. ती दोन पोरं—"

त्यांनी वाक्य सोडून दिलं. रखमाजी खाली बघत होते.

"सांगितलं व्हतं, साहेब. तीन वाजून धा मिनटांनी. तुम्ही उत्तर बी दिलं."

"काय उत्तर दिलं सरांनी?" हर्षदानं विचारलं.

रखमाजींनी काडी मोडली. दोन्ही तुकडे बाजूला ठेवले.

"ते मी न्हाई सांगायचा, ताई."

हर्षदा म्हणाली की साहेब, ह्याच गोष्टीसाठी आपण बसलोय, नाव घालायचं नसेल तर नाव घालत नाही. रखमाजींनी मान हलवली.

"नावाचं न्हाई. चौकशीत पण कर्नलसाहेबांनी तीनदा इचारलं, काय बोलणं झालं. मी गप ऱ्हायलो. सांगायचं म्हंजी ते वाक्य माझ्या त्वांडानं म्हणायला लागलं असतं, समोर आठ-दहा अधिकारी बसलेले. नगं वाटलं. बढती अडली तर अडू दे, ऱ्हाऊ दे म्हनलं सुभेदारी. त्या दिशी तुमचं उत्तर ऐकलं, मी सेट बंद केला आन् वरच्या वाटंनं निघालो. सेट बंद केला ही माझी चूक. ती लिवा. त्या वाक्याचा राग तवा बी व्हता, आता बी हाय."

मेजर काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलंही. खोटं आहे, असं म्हणायला सगळं तयार होतं, गेली नऊ वर्षं रोज तयार होतं. आणि मग त्यांना शेजारी बसलेला ऑपरेटर आठवला. कानाला हेडफोन लावलेला, कोल्हापूरकडचा. ते वायरलेसवर काहीतरी बोलले आणि ऑपरेटर हसला, साहेबांनी चांगला टोला हाणला म्हणून हसला, आणि त्या हसण्याचं मेजरांना बरं वाटलं होतं. बरं वाटलेलं तेवढं स्पष्ट आठवलं. त्याच्या मागोमाग वाक्यही आलं, अख्खं.

त्यांनी छडी भिंतीला टेकवून ठेवली. ती घसरून पडली, ती उचलली नाही.

"मेजर?" दारातून सरूबाई म्हणाल्या. घरातही त्या त्यांना मेजरच म्हणायच्या. "पाणी आणू का?"

त्यांनी हातानंच नको म्हटलं. खुर्ची होती, पण ते रखमाजींच्या समोर, मातीच्या डोंगराच्या पलीकडे खाली बसले. गुडघा कटकन वाजला.

"टेप चालू आहे?"

"आहे, सर. बंद करू?"

"नको. मघाशी जे लिहून घेतलं ते खोडा. हे घ्या. मेजर हौसराव थिटे, कंपनी कमांडर. जून एकोणीसशे त्र्याण्णव. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी नायब सुभेदार रखमाजी कोकरे यांनी मला वायरलेसवर कळवलं, की नाला भरलाय, इथला मेंढपाळ वरची वाट दाखवतोय, दोन तास जास्त लागतील. मी उत्तर दिलं."

फौजी आवाज तिथंच संपला. रखमाजींनी मान वर केली नाही. टेपची चक्रं फिरत राहिली.

"मी म्हणालो, 'कोकऱ्या, तुला मेंढरं राखायला आणलं न्हाई हितं. धनगरकी घरी ठेव आन् नाला ओलांड.' सगळी कंपनी ऐकत होती. एक जण हसला. संदेश मी नोंदवला नाही, कारण तो मला संदेश वाटलाच नाही. पहिली तुकडी मी थांबवली नाही. त्या दोन पोरांचा हिशेब माझ्याकडं आहे, कोकरे साहेबांकडं नाही." त्यांनी हाताचा तळवा तोंडावरून फिरवला, तोंडाला राख लागली. "आणि त्यांनी माझा हुकूम मोडला म्हणून दुसऱ्या तुकडीचे एकतीस जवान त्या नाल्यातून वाचले. नव्या पोरांनी काय शिकायचं ते आता तुम्हीच ठरवा."

सरूबाई दारात तशाच उभ्या होत्या.

रखमाजींनी पांढरी बटणं एकेक करून नाल्याच्या काठावरून उचलली आणि वरच्या वाटेवर नेऊन ठेवली. शेवटचं ठेवून झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा मेजरांकडे सरळ पाहिलं.

"अठ्ठावीस, साहेब. तीन जण रजेवर व्हते."

मेजरांनी मान डोलावली, टेपकडे वळले आणि आकडा दुरुस्त करून पुन्हा सांगितला.